टॉर्च कोणी दुरुस्त केला?

ताई, माझी मुलगी दहा वर्षांची आहे. पाच-सहा वर्षांची असताना तिने प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वरचं खाली का होत नाही? साबणाच्या पाण्याला रंग नसतो, मग फुग्यावर रंग कुठून येतात? मला एकाचंही उत्तर यायचं नाही. गेल्या वर्षभरात हे प्रश्नच थांबलेत. शाळेत गटाने एक छोटं यंत्र बनवायचं होतं, तर ही आपणहून पोस्टर रंगवायला बसली. विचारलं तर म्हणाली, "ते मुलग्यांना जमतं, मला त्यातलं कळत नाही." माझा विषय भाषा. विज्ञान शाळेबरोबरच सुटलं. तिचे बाबा इंजिनिअर आहेत, पण ते समजवायला बसले की दहाव्या मिनिटाला ती जांभया देते. मध्ये एकदा बंद पडलेला टॉर्च तिने खोलला होता, त्यातली स्प्रिंग उडून कुठेतरी गेली, शेवटी बाबांनीच तो दुरुस्त करून दिला. तिच्यासाठी सायन्स किट आणावं की कोडिंगचा क्लास लावावा? तिने इंजिनिअरच व्हावं असा हट्ट नाही. पण आत न डोकावताच तिने ते दार लावून घेऊ नये, इतकंच वाटतं.
— एक आई

नमस्कार,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, प्रश्न किट की क्लास एवढाच आहे. दुसऱ्यांदा वाचताना टॉर्चपाशी अडखळले. ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला वाटतं, तुमचं सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे.

तुमची मुलगी आपणहून बंद पडलेली वस्तू खोलायला बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं, मार्क नव्हते. स्प्रिंग उडाली, आणि काम तिच्या हातातून गेलं. तिच्या बाबांनी प्रेमानेच केलं असणार, शंकाच नाही. पण त्या दिवशी तिने काय शिकलं असेल? टॉर्चबद्दल काही नाही. वस्तू बिघडली की ती बाबांकडे जाते, आणि आपण हात लावला की काहीतरी हरवतं, हे मात्र पक्कं शिकली असेल. "मला त्यातलं कळत नाही" हे वाक्य आकाशातून पडत नाही हो. ते अशा लहानसहान प्रसंगांतून थेंबाथेंबाने साचतं.

मी स्वतः यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामात पंचवीस वर्षं काढली आहेत, म्हणून हा प्रसंग मला फार ओळखीचा आहे. पहिल्या नोकरीत मला सहा महिने मशिनला हात लावू दिला नव्हता. "तुमचं अक्षर छान आहे, तुम्ही नोंदवही ठेवा." माझं अक्षर अजिबात छान नाही. तुमच्या मुलीचं पोस्टर वाचलं तेव्हा ती नोंदवही डोळ्यांसमोर आली.

तर आधी टॉर्च. तो दुरुस्त झालाय हे विसरा आणि पुन्हा खोला. म्हणजे तिला खोलू द्या. आत फार काही नसतं: दोन सेल, एक बटण, एक दिवा आणि बहुतेक वेळा शेपटाकडच्या झाकणात ती स्प्रिंग. पुष्कळांना वाटतं, स्प्रिंग सेल घट्ट दाबून धरण्यासाठी असते. असतेच, पण ती तारही असते. सेलच्या सपाट टोकापासून विजेचा रस्ता तिच्यातूनच पुढे जातो, आणि धातूच्या टॉर्चमध्ये बहुधा त्याचं नळकांडंच उरलेल्या तारेचं काम करतं. स्प्रिंग हरवल्यावर सेल नवे असूनही टॉर्च मुका राहतो तो याच कारणाने. रस्ता मध्येच तुटलेला असतो.

आता गंमत अशी, की स्प्रिंगच्या जागी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट चुरगळलेला गोळा बसवला तरी टॉर्च लागतो. दोन-तीन नाण्यांची चळत लावूनही बहुधा लागेल. कागदाचा गोळा ठेवला तर लागणार नाही, खोडरबर ठेवलं तरी नाही. हे तिला सांगू नका. टेबलावर फॉइल, नाणी, कागद, खोडरबर, एक चमचा असं सगळं पसरून ठेवा आणि म्हणा, "स्प्रिंग तर गेली. आता कशाने चालेल ते बघूया." अर्ध्या तासात तिच्यापुढे दोन ढीग तयार होतील, चालणाऱ्यांचा आणि न चालणाऱ्यांचा. वाहक आणि विसंवाहक हे शब्द त्यानंतर आले तरी चालतील. तेव्हा त्यांना चिकटायला काहीतरी असेल. एवढं मात्र बघा, की फॉइल एकाच सेलच्या दोन्ही टोकांना एकदम टेकणार नाही, कारण तसं झालं तर ते पटकन तापतं. आणि नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: साध्या सेलवर चालणाऱ्या वस्तू खुशाल खोल. भिंतीतल्या विजेवर चालणारं काही नाही आणि मोबाइलची बॅटरी तर मुळीच नाही.

ग्रेस हॉपर सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने घरातलं एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं, अशी सात घड्याळं सुटी झाली. आईने काय केलं? यापुढे एकच घड्याळ खोलायचं, अशी मर्यादा घालून दिली. खोलणं बंद केलं नाही. हीच मुलगी पुढे संगणकशास्त्रज्ञ झाली, आणि 1952 च्या सुमारास जगातल्या अगदी सुरुवातीच्या कंपायलरपैकी (माणसाने लिहिलेल्या सूचना संगणकाच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) एक तिने तयार केला. घड्याळं खोलली म्हणून कंपायलर झाला, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. मला त्या गोष्टीतली आई आवडते, एवढंच.

आता तिच्या बाबांचं. कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या एका संग्रहालयात संशोधकांनी आईवडिलांचं मुलांशी बोलणं टिपलं होतं. ते 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. हा खटका कसा दाबायचा, ते चाक कसं फिरवायचं, हे मुलगे आणि मुली दोघांनाही सारखंच सांगितलं जात होतं. पण हे असं का होतंय, हे मुलग्यांना सांगितलं जाण्याची शक्यता मुलींच्या तिप्पट होती. ही मुलं एक ते आठ वर्षांची होती. कोणी मुद्दाम भेदभाव करत होतं असं नाही. आपण काय करतोय हे त्या आईवडिलांच्या ध्यानीमनीही नसणार.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर उलटं आहे, बाबा किती समजावतात! पण त्या संग्रहालयातलं "समजावणं" म्हणजे व्याख्यान नव्हतं. हात चालू असताना कानावर पडलेलं एखादं वाक्य होतं. "बघ, जोरात फिरवलंस की दिवा जास्त लागतो" इतकंच. खुर्चीत बसवून पहिल्या तत्त्वापासून सुरुवात केली तर मलासुद्धा जांभया येतील, आणि मला या विषयाचा पगार मिळत होता. बाबांना सांगा: ती काहीतरी करत असताना शेजारी बसायचं, एका वेळी एकच वाक्य बोलायचं, आणि हात मांडीखाली दाबून ठेवायचे. शेवटचं सगळ्यात अवघड जाईल. स्क्रू उलटा फिरतोय हे दिसत असताना गप्प राहणं इंजिनिअर माणसाला जिवावर येतं.

आणि तुमचं. "मला एकाचंही उत्तर यायचं नाही" असं तुम्ही लिहिता, त्यात थोडी लाज दिसते. ती सोडा. मात्र "मला बाई यातलं काही कळत नाही" हे वाक्य तिच्यासमोर म्हणू नका, चेष्टेतही नाही. अमेरिकेत पहिली-दुसरीच्या वर्गांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या मुलींना वर्षाअखेरीस "मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात" असं जास्त वाटू लागलं होतं, आणि तसं वाटणाऱ्या मुलींचं गणितही मागे पडलं होतं. मुलग्यांवर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे धास्तीसुद्धा मुली बाईकडे बघून उचलतात. "मला माहीत नाही, पण बघूया" हे वेगळं वाक्य आहे. ते दिवसातून दहादा म्हणा.

बघूया म्हणजे काय, ते तिच्याच आरशाच्या प्रश्नावर सांगते. हा प्रश्न मोठमोठ्यांना गोंधळात पाडतो, पाच वर्षांच्या पोरीने विचारला याचं मला फार कौतुक वाटलं. दोघी मोठ्या आरशासमोर उभ्या राहा. तिला उजवा हात सरळ उजवीकडे ताणायला सांगा. आरशातला हात कुठल्या बाजूला गेला? खोलीच्या त्याच बाजूला. खिडकी त्या बाजूला असेल तर दोन्ही हात खिडकीकडेच आहेत. आता बोट छताकडे. आरशातलं बोटही छताकडेच. म्हणजे डावं-उजवंही उलटलं नाही आणि वर-खालीही नाही. आता बोट आरशाकडे रोखा. आरशातलं बोट तुमच्याकडे रोखलेलं! उलटलं ते फक्त पुढचं-मागचं. आपण मनातल्या मनात वळसा घालून आरशापलीकडच्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहतो, आणि त्या वळशात डावं-उजवं बदलतं. उलटापालट आरसा करत नाही, आपण करतो. तिच्या पाच वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर तीन बोटांत मिळालं. आणि तुमचा भाषेचा अभ्यास इथे कामी येतो, कारण या कोड्यातला अर्धा घोळ "उलटं" या शब्दाने केला आहे.

तिला हा प्रश्न आठवत नसेल. म्हणून आधी सांगा, "तू लहानपणी विचारलं होतंस, मला तेव्हा आलं नव्हतं." आपला प्रश्न कोणीतरी पाच वर्षं जपून ठेवला होता, हे कळणं मला कुठल्याही किटपेक्षा मोठं वाटतं.

फुग्याच्या रंगांचंही तसंच. तारेचं एक कडं साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरा, मागे काहीतरी काळं असू द्या. पडद्यावर रंगांचे आडवे पट्टे दिसतील आणि हळूहळू खाली सरकतील, कारण पाणी खाली ओघळतंय आणि पडदा वरून पातळ होतोय. पडद्याच्या पुढच्या पृष्ठभागावरून आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळतात. जाडी जशी असेल तसा एखादा रंग उठून दिसतो, एखादा पुसला जातो. धीर धरलात तर फुटायच्या जरा आधी वरच्या कडेला काळा पट्टा दिसेल. तिथे पडदा केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ झालेला असतो आणि जवळजवळ सगळेच रंग पुसले गेलेले असतात. आधी तो काळा पट्टा कोणाला दिसतो, अशी पैज लावा. मी अजून हरते.

इंजिनिअरिंग याहून जरा वेगळं. तिथे "का" याच्या जोडीला "मग असं केलं तर" येतं. त्यासाठी घरात सायकलइतकं चांगलं यंत्र नाही, कारण तिने काही झाकून ठेवलेलं नसतं. पायडलजवळच्या चक्राचे दाते मोजायला सांगा, पहिल्या दात्यावर खडूची खूण करून. मग मागच्या चक्राचे. समजा पुढे 44 आणि मागे 22 निघाले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरेल? आधी आकडा सांगू द्या, मग टायरवर खूण करून, सायकल उलटी ठेवून, सावकाश पायडल फिरवून पडताळू द्या. बोटं चेनपासून लांब. स्वतः वर्तवलेला आकडा समोर खरा होताना बघणं हे काय असतं ते लिहून सांगता येत नाही. आकडा चुकला तर आणखी बरं, कारण मग दाते पुन्हा मोजायचे की गणित पुन्हा करायचं, हे शोधावं लागतं. माझ्या नोकरीचा निम्मा वेळ यातच गेला.

एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून सांगते. 1862 मध्ये जन्मलेली अ‍ॅग्नेस पॉकेल्स जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात राहायची. विद्यापीठाची दारं तेव्हा मुलींना बंद होती. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, ही आजारी आईवडिलांची शुश्रूषा करत घरी राहिली. घरकामात पाण्यावर तेलकटपणा आला, साबण आला, की पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिच्या लक्षात यायचं. विशीच्या आसपास तिने ते मोजायला सुरुवात केली. पत्र्याची एक लांबट पन्हळ, त्यावर आडवी ठेवलेली सरकती पट्टी, आणि तराजूला टांगलेलं एक बटण. पाण्याला चिकटलेलं बटण वर ओढून काढायला किती जोर लागतो, ते ती मोजायची. जवळपास दहा वर्षांनी, 1891 च्या जानेवारीत, तिने हे सगळं लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. त्याने पत्नीकडून पत्राचा अनुवाद करून घेतला आणि नेचर या नियतकालिकाकडे धाडला. मार्चमध्ये तो छापून आला. तशाच पन्हळीत सुधारणा करून अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने पुढे पृष्ठभागांवर संशोधन केलं आणि 1932 मध्ये त्याला नोबेल मिळालं. पॉकेल्सला त्याच वर्षी, सत्तराव्या वर्षी, मानद डॉक्टरेट मिळाली.

ही गोष्ट लोक "बघा, इच्छा असली की मार्ग निघतो" म्हणून सांगतात. मला ती ऐकून राग येतो. घरकामातून वेळ काढून जिने एवढं केलं, तिला प्रयोगशाळा मिळाली असती तर? पण तुमच्या मुलीला ती गोष्ट मी सांगेन ती त्या बटणासाठी. कारण ते बटण तुमच्याही घरात आहे. पट्टीच्या मधोमध दोरा बांधून ती टांगा, एका टोकाला दोऱ्याने चपटं बटण आडवं लोंबकळू द्या, दुसऱ्या टोकाला कागदाची लहानशी पुडी. पट्टी समतोल करा, बटण ताटलीतल्या पाण्यावर अलगद टेकवा. मग पुडीत वाळूचे कण चिमटी-चिमटीने टाकत जा. किती चिमट्यांना बटण सुटतं? आता पाण्यात साबणाचा एक थेंब आणि पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कमी चिमट्या लागतील. पहिल्या खेपेला पट्टी डुगडुगेल, बटण तिरकं होईल, आकडे दर वेळी वेगळे येतील. तिथेच खरी इंजिनिअरिंगची गंमत सुरू होते: डुगडुगणं कसं थांबवायचं?

किट आणि क्लासबद्दल थोडक्यात. आत्ता नको. किटमध्ये उत्तर आधीच डब्यावर छापलेलं असतं, आणि मुलींसाठी म्हणून गुलाबी डब्यात येणारी किट तर मला बघवतही नाहीत. कोडिंग चांगलंच आहे, पण ते तिने मागितलं तर. "तू यात मागे पडू नयेस म्हणून" असं सांगून लावलेला क्लास तिला हेच सांगेल की ती मागे आहे.

शाळेत मात्र जाऊन या. तक्रार घेऊन नको. तिच्या बाईंना एवढंच विचारा, की गटातली कामं दर खेपेला फिरवता येतील का. या वेळी जी पोस्टर रंगवेल ती पुढच्या वेळी स्क्रू आवळेल, जो स्क्रू आवळेल तो लिहून काढेल. मुलं आपापसात कामं वाटून घेतात तेव्हा ती घरी आणि आजूबाजूला जे बघतात तशीच वाटतात. ज्याला येतं तो करतो, मग त्यालाच आणखी येतं. पोस्टर रंगवणं वाईट नाही, तिला चित्रकला आवडत असेल तर फारच छान. फक्त ती आवड आहे की पळवाट, हे तिलाही कळायला हवं, आणि स्क्रू आवळून बघितल्याशिवाय ते कळणार नाही.

कौतुक करताना "किती हुशार आहेस" म्हणू नका. हुशार म्हटलेली मुलं पुढे हुशारी जपत बसतात आणि चुकायचं टाळतात. "तू फॉइल दोनदा दुमडून बघितलंस, ते कसं सुचलं?" असं विचारा. तिला सांगायला आवडेल.

येत्या सुट्टीच्या दिवशी टेबलावर एक ताट ठेवा, काठ असलेलं, म्हणजे सुटे भाग घरंगळणार नाहीत. त्यात टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर. बाबांना समोरच्या खुर्चीवर बसवा, हात मांडीखाली. आणि त्या दिवशी झाडताना ती हरवलेली स्प्रिंग सोफ्याखाली सापडलीच, तर खिशात टाका. फॉइलचा गोळा बसेपर्यंत काढू नका.